अर्धा कोयता

नोकरीतल्या काही घटना विसरायचं ठरवूनही विसरता येत नाहीत. ही घटना विसरावी असं मला कधी वाटलंच नाही.

मी आता पोलीस खात्यात नाही. निवृत्तीचं वय व्हायच्या पुष्कळ आधी मी नोकरी सोडली. का सोडली, हा या लेखाचा विषय नाही. उपनिरीक्षक म्हणून माझी बहुतेक सेवा बीड जिल्ह्यात झाली. ज्या ठाण्यातली ही गोष्ट आहे ते नेकनूरपासून फार लांब नाही, एवढंच सांगते. माणसांची नावं देणार नाही. त्यातल्या एका माणसाचं नाव आधीच नको तितक्या ठिकाणी फिरून आलेलं आहे.

बाहेरच्या लोकांना पोलीस ठाणं म्हणजे तक्रार, अटक आणि लॉकअप एवढंच दिसतं. पण प्रत्येक ठाण्यात एक गोपनीय अंमलदार असतो. हद्दीत काय चाललंय याची माहिती तो गोळा करतो. कुठे मोर्चा निघणार, कोणत्या दोन गटांत धुसफूस आहे, कोणत्या गावात नवीन माणूस राहायला आला, हे सगळं त्याच्याकडून जिल्ह्याच्या विशेष शाखेत जातं. तिथून निवडक माहिती मोठ्या शहरातल्या एका केंद्राकडे जाते. तिथे अनेक जिल्ह्यांची माहिती एकत्र करून तिचा अर्थ लावतात आणि धोका वाटला तर इशारा पाठवतात. माहिती वर जाते आणि इशारा खाली येतो. या दोन्ही गोष्टी नीट होतात का, हे मधल्या मध्ये कुणी बघत नव्हतं.

केंद्राचे संदेश इंग्रजीत यायचे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, म्हणून ते माझ्या टेबलावर यायचे. चारचौघांत बोलायची मला भीड वाटते. कागद वाचताना ती अडचण येत नाही. आमच्या निरीक्षक साहेबांना ही व्यवस्था सोयीची होती आणि खरं सांगायचं तर मलाही.

त्या शुक्रवारी सकाळी असाच एक संदेश आला. मी तो वाचला आणि साहेबांना मराठीत सांगितला. आमच्या हद्दीतल्या एका गावातला एक इसम टोळी जमवत आहे. त्याच्याकडे धारदार शस्त्रांसह बारा ते तेरा साथीदार तयार आहेत. ही टोळी शनिवारी जिल्ह्याबाहेर रवाना होणार आहे. माहितीला दोन स्रोतांकडून दुजोरा मिळाला आहे. खाली त्या इसमाचं नाव आणि गाव.

ठाणे अंमलदार बाजूला उभे होते. नाव ऐकून ते म्हणाले, "साहेब, हा तर मुकादम हाय. ऊसतोडीचे लोक नेतो दरसाल."

"असेल," साहेब म्हणाले. "मुकादम आहे म्हणून बाकी काही करत नाही असं थोडंच आहे? दोन ठिकाणांहून दुजोरा आहे. उद्या काही झालं तर मला विचारतील, इशारा आला होता तेव्हा काय केलं म्हणून."

साहेबांचं चुकत नव्हतं. त्या दिवसांत आमच्या भागात दोन पुढाऱ्यांचं उघड भांडण सुरू होतं. मजूर नेण्याच्या नावाखाली माणसं जमवून दुसऱ्याच कामाला लावल्याचे प्रकार आम्ही ऐकून होतो. टोळी कशासाठी निघणार, हे संदेशात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते आम्ही आपल्या मनाने भरलं.

मुकादमाला आणलं तेव्हा तो प्रवासाच्या तयारीतच होता. चाळिशीचा, शिडशिडीत माणूस. घाबरलेला दिसला नाही, त्याला घाई झालेली दिसली. चौकशी साहेबांनी केली, मी जबाब लिहायला बसले.

"टोळी जमवली का?"

"जमवली की. उद्याच्याला गाड्या लागत्यात."

"किती माणसं?"

"पंचवीस."

"त्यातले बारा-तेरा कोण?"

मुकादम गोंधळला. "कंचे बारा-तेरा?"

"हत्यारवाले."

"हत्यार? साहेब, माझ्याकडं कसलं आलंय हत्यार."

"धारदार वस्तू काही?"

"विळे-कोयते सगळ्यांच्याच घरी असत्यात. तुमच्या बी घरी असंल."

साहेबांना हे उत्तर उर्मट वाटलं. त्यांचा आवाज चढला. मग पुढचा बराच वेळ सगळी चौकशी त्या एकाच प्रश्नाभोवती फिरली. पंचवीस जणांतले ते बारा-तेरा कोण? मुकादमाने पंचवीसही जणांची नावं सांगितली. नवरा-बायको, नवरा-बायको, अशी जोडीने सांगितली. त्यातले वेगळे बारा-तेरा त्याला काढून दाखवता येईनात. जी माणसं मुळात नव्हतीच, त्यांची नावं तो कुठून देणार? पण खोटं बोलणारा आरोपीही नेमका असाच अडखळतो.

मला एक गोष्ट खटकत होती. लपवणारा माणूस कमी बोलतो किंवा जास्त बोलतो. हा विचारलं तेवढं सांगत होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. मी हे साहेबांना सांगितलं नाही. नुसत्या अंदाजावर बोलायची माझी सवय नव्हती.

दुपारी गावाकडचे लोक ठाण्याबाहेर जमले. साहेबांनी मला बाहेर जाऊन त्यांना शांत करायला सांगितलं. हे काम मला अजिबात येत नव्हतं. बाया एका बाजूला बसल्या होत्या. त्यांतली एक उठून थेट माझ्यासमोर आली. तिशी ओलांडलेली, डोक्यावर पदर, पायांत पुरुषी चपला.

"मॅडम, मुकादमाला कावून धरलंय?"

"चौकशी चालू आहे. तुम्ही घरी जा, त्यांना सोडलं की येतील ते."

"कवा सोडताल? सकाळी गाड्या हाईत. तो न्हाई आला तर बाकीचे दुसऱ्या मुकादमासंगं जातील. माझं काय?"

"तुम्हीही जा त्यांच्याबरोबर."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी अडाण्यासारखं बोलले आहे हे मला कळलं.

"मला कोण घेतंय? मी अर्धा कोयता हाय. नवरा वारलाय माझा. अर्धा कोयता कुणी घेत न्हाई मॅडम, ह्यानं घेतला. बारा पुरे आन मी अर्धा. साडेबारा कोयते झाले की गाडी भरली म्हणला, चल तू बी."

शेजारची हवालदार बाई मला समजावायला लागली, की उसाच्या फडात एक कोयता म्हणजे एक जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, आणि हिशेब जोडीचा असतो. एकटं माणूस म्हणजे अर्धा. हे मला माहीत होतं. बीड जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. पण त्या क्षणी मी तिचं ऐकत नव्हते. बारा जोड्या आणि एक, म्हणजे पंचवीस माणसं. साडेबारा कोयते, म्हणजे बारा ते तेरा.

मी तशीच उभी राहिलेली पाहून समोरची बाई म्हणाली, "मॅडम, तुमचं लगीन झालंय का?"

"नाही."

"मंग तुमी बी अर्ध्याच."

बसलेल्या सगळ्या बाया हसल्या. हवालदार बाईने तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलत होते. माझे कान गरम झाले. तरी मी त्या बाईला म्हणाले, "तुम्ही इथेच थांबा. जाऊ नका." माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, तिने पदर नीट केला आणि ती खाली बसली.

आमचा गोपनीय अंमलदार तेव्हा गेवराईकडे वाळूचोरीच्या बंदोबस्तावर होता. मी त्याला फोन लावला आणि विचारलं, या मुकादमाबद्दल तू काही कळवलं होतंस का?

"कळवलं होतं की मॅडम. दरसालच कळवतो. फलाण्या मुकादमाची टोळी, साडेबारा कोयते, शनिवारी जाणार. सगळ्याच मुकादमांचं लिहितो मी. आकडा ऐकीव असतो, म्हणून खाली पडताळणी बाकी असंही टाकतो."

"कशासाठी?"

"गस्तीसाठी. लोक गेले की गाव रिकामं पडतं, घरात म्हाताऱ्या राहत्यात नुसत्या. मागच्या हंगामात घरफोड्या लई झाल्या. म्हणून लिहितो, इतके कोयते जाणार, इतकी घरं बंद राहणार, तिकडं गस्त वाढवा."

मी फोन ठेवला. त्या लोकांच्या बंद घरांची राखण व्हावी म्हणून लिहिलेली ओळ होती ती. वर जाताना तिच्यातली गस्त गळाली, मुकादम गळाला, रिकामं गाव गळालं. उरले दोन शब्द, टोळी आणि कोयते. मोठ्या शहरात त्या दिवसांत कोयते नाचवत फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या रोज छापून येत होत्या. तिथे बसून हे दोन शब्द वाचणाऱ्याला दुसरं काय दिसणार? साडेबारा शस्त्रं असू शकत नाहीत, म्हणून कुणीतरी ते बारा ते तेरा केलं. इंग्रजीत कोयत्याचं धारदार शस्त्र झालं. मी ते इमानदारीने मराठीत आणलं, आणि आमच्याकडे परत आलेल्या संदेशात कोयता हा शब्द उरलाच नाही. तो आला असता तर ठाणे अंमलदारांनी जागच्या जागी हसून सगळं मिटवलं असतं.

साहेबांना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मुकादमाला पाणी द्यायला सांगितलं. मग म्हणाले, "ठीक आहे, पण दुसरा स्रोत?"

तो शोधायला वेळ लागला नाही. काही दिवसांपूर्वी केंद्राकडून विशेष शाखेमार्फत मराठीतून थेट साहेबांकडे विचारणा झाली होती, की हा इसम तुमच्या हद्दीत राहतो का आणि टोळी जमवतो का. साहेबांनी रोजच्या टपालाबरोबर उत्तर पाठवलं होतं, होय, राहतो, आणि टोळी जमवतो हे खरं आहे. त्यात खोटं काहीच नव्हतं. तेच उत्तर दुजोरा म्हणून मोजलं गेलं.

साहेब खुर्चीत मागे रेलले. "म्हणजे मीच फिर्यादी, मीच साक्षीदार."

"होय सर."

"आणि आरोपी त्याला केला."

त्यांनी मुकादमाला आत बोलावलं आणि स्वतः उभे राहून त्याला सांगितलं, "तुझा काही दोष नाही. आमच्याकडून गैरसमज झाला. जा तू." पोलीस ठाण्यात हे वाक्य फार कमी वेळा बोललं जातं. मी ते त्या खोलीत बसून ऐकलं, याचं मला आजही समाधान आहे.

प्रकरण तिथे संपायला हवं होतं. पण मुकादम दारापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "साहेब, पुढं कुणी धरणार न्हाई ना?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी संदेश पुन्हा वाचला. त्याच्या प्रती कुणाकुणाला गेल्या ते खाली लिहिलं होतं. टोळी ज्या भागातल्या कारखान्यावर जाणार होती, तो जिल्हाही त्यात होता. म्हणजे शनिवारी निघालेला ट्रक रविवारी तिकडच्या नाक्यावर अडणार. झडती होणार. आणि झडतीत प्रत्येक बोचक्यात एक कोयता निघणार. ऊस तोडायला जाणाऱ्या माणसाकडे दुसरं काय निघेल? मग त्या इशाऱ्याला पुरावा मिळणार होता. नाक्यावरच्या अनोळखी पोलिसाला जोडी आणि अर्धा कोण समजावणार?

मी केंद्राला फोन लावला. अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हटलं की मी आधी वाक्यं लिहून काढते. तशी काढली. पलीकडच्या कर्मचाऱ्याने ती ऐकली आणि अगदी सौजन्याने सांगितलं, "मॅडम, आमच्याकडे माहिती येते आणि पुढे जाते. परत घ्यायची काही सोय नाही. तुम्ही हवं तर नवीन माहिती पाठवा, ती आधीच्या माहितीला जोडली जाईल."

"म्हणजे आधीची तशीच राहील?"

"राहते ना."

माझी लिहिलेली वाक्यं संपली होती. मी म्हणाले, "मग मला तुमच्या वरिष्ठांशी बोलायचं आहे."

फोनवर आलेले अधिकारी मूळचे कुठले होते मला माहीत नाही, पण मराठवाड्याचे नव्हते. मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं. "अर्धा कोयता? परत सांगा." मी परत सांगितलं. पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

मग ते म्हणाले, "मूळ टिपणात पडताळणी बाकी असं लिहिलं होतं का?"

"होतं सर."

"आमच्यापर्यंत आलं तेव्हा नव्हतं. आणि कोयता हा शब्द आला, त्याचा अर्थ आम्ही विचारला नाही. तुमच्या साहेबांच्या सहीने आत्ता लेखी पाठवा. मी माझ्या नावाने इशारा मागे घेतो. ज्यांना पाठवला त्यांना मी स्वतः फोन करतो."

त्यांना हे टाळता आलं असतं. पद्धत नाही, एवढं सांगून फोन ठेवता आला असता, आणि कुणीही त्यांना दोष दिला नसता. मी त्यांना कधी भेटले नाही. पण नोकरीत ज्यांचे आभार मानायचे राहिले त्या माणसांत ते पहिले येतात. दुसरे आमचे साहेब. त्यांनी त्या पत्रावर सही करताना एकच दुरुस्ती केली. मी लिहिलं होतं, 'सदर माहिती चुकीची असल्याचे आढळून आले.' त्यांनी केलं, 'आमच्या माहितीचा चुकीचा अर्थ लावला गेला व त्यास आमच्याच उत्तराने दुजोरा मिळाला.' स्वतःच्या विरुद्ध जाणारं वाक्य त्यांनी स्वतःच्या हाताने घातलं.

शनिवारी गाड्या गेल्या. रविवारी मी सुट्टी असूनही ठाण्यात आले. करण्यासारखं काही नव्हतं. दुपारी ठाणे अंमलदारांच्या मोबाईलवर मुकादमाच्या नंबरवरून फोन आला. त्यांनी तो माझ्याकडे दिला. बोलत होती ती अर्ध्या कोयत्याची बाई.

"मॅडम, अडवलं होतं आमाला."

"मग?"

"समद्यांना खाली उतरवलं. बोचकी सोडली. कोयते काढून रस्त्यावर मांडले, दुकान लावल्यावानी. पोरी रडाया लागल्या. मुकादमाचं तोंड बघवंना."

"पुढे काय झालं?"

"मंग त्यांचा एक साहेब आला जीपमधून. मुकादमाचं नाव इचारलं, फोनमधलं कायतरी वाचलं, आन म्हणला, जाऊ द्या ह्यांना. कोयते आमचे आमाला उचलून दिले. एक पोलीस तर म्हणला, मावशी, धार जपून." ती हसली. "आमी कारखान्यावर पोचलो, हे सांगाया फोन केला."

मी तिला धन्यवाद म्हणाले. तिला ते विचित्र वाटलं असावं. "माझे कावून?" असं म्हणून तिने फोन ठेवला.

या प्रकरणानंतर जिल्ह्यात एक बैठक झाली आणि काही गोष्टी बदलल्या. टिपणात बोलणाऱ्याचा मूळ शब्द मूळ भाषेतच ठेवायचा आणि भाषांतर त्याच्या शेजारी लिहायचं. पडताळणी बाकी असेल तर तो शेरा माहितीबरोबर शेवटपर्यंत जायला हवा. ज्या ठाण्याने मूळ माहिती दिली त्याच ठाण्याचं उत्तर दुसरा स्रोत म्हणून मोजायचं नाही. आणि वर गेलेली माहिती मागे घ्यायची झाली तर कुणी, कशी घ्यायची, हे ठरवून दिलं. दर काही महिन्यांनी एका वरिष्ठ अधिकाऱ्याने हे सगळं तपासायचं असंही ठरलं. ती तपासणी सुरुवातीला नियमाने झाली, पुढे कधी झाली, कधी राहिली. सरकारी कामाचं असं होतं. पण शब्द जपून पाठवायची सवय आमच्या अंमलदारांना लागली ती टिकली.

केंद्राकडून लेखी उत्तर यायला हंगाम उलटला. मुकादमाचं नाव नोंदीतून काढल्याचं त्यात होतं आणि ज्या ज्या कार्यालयांना इशारा गेला होता त्यांनीही तो काढल्याचं होतं. लोक गावी परतल्यावर मी ते सांगायला गेले. साहेब म्हणाले होते, शिपाई पाठवू. मी म्हणाले, मीच जाते.

मुकादम किराणा दुकानासमोर चार माणसांत बसला होता. मला ओळखलं, पण उठला नाही. मला बसायलाही कुणी सांगितलं नाही. मी उभ्यानेच सांगितलं, तुमचं नाव काढलं आहे.

"काढलं म्हंजे कुठून काढलं?"

मी पहिलं कार्यालय सांगितलं.

"तिथं कावून गेलतं?"

तेही सांगितलं.

"आन पुढं?"

मी एकेक ठिकाण सांगत गेले. प्रत्येक ठिकाणी तो मला थांबवून विचारायचा, तिथं कुणी पाठवलं, त्यांचं काय काम, आता तिथं कुणी नाव घातलं तर निघेल का? माणसं गोळा झाली. मला घाम फुटला होता, पण त्या दिवशी माझ्याकडे लिहून काढलेली वाक्यं नव्हती आणि त्यांची गरजही पडली नाही. एकाच ठिकाणी मी अडले. एका जिल्ह्याने तो इशारा पुढे आणखी कुणाला दिला होता का, हे मला माहीत नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हणाले.

"मंग इचारून या."

मी विचारलं. पत्र पाठवलं, फोन केले, आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा त्या गावी गेले. नोकरीत माझी पुष्कळ तपासणी झाली. मोठमोठे अधिकारी येऊन दप्तर चाळून गेले. पण माहितीचा माग इतका कसून दुसऱ्या कुणी काढला नाही. माहितीच्या देवघेवीवर देखरेख कशी असावी असं मला आजही कुणी विचारलं, तर मला त्या दुकानासमोरचे त्याचे प्रश्न आठवतात. ज्याचं नाव फिरतं त्याला ते कुठे गेलं, का गेलं आणि परत आलं का, हे विचारता आलं पाहिजे. आणि उत्तर द्यायला कुणीतरी त्याच्यासमोर उभं राहिलं पाहिजे. हे मला त्याने शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

दुसऱ्यांदा गेले तेव्हाही तो तिथेच होता. मी सांगितलं, पुढे कुणालाच दिलं नव्हतं, लेखी आलं आहे. त्याने मान हलवली आणि दुकानाच्या आत बघून आवाज दिला, "मॅडमला खुर्ची आणा."